भिंगरी रडत का नाही

९ मे

धाकटे,

रविवारी भिंगरीला न्यायला येऊ नकोस. आलीस तरी मी दार उघडणार नाही. आधीच सांगते, म्हणजे तुझा हेलपाटा वाचेल.

आशीर्वाद वगैरे लिहायची आज इच्छा नाही. तुझी लेक सुट्टीला माझ्याकडे आली त्या संध्याकाळी मी तिला न्हाऊ घातलं. ती दोन वर्षांची असताना मी तिला शेवटची पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. पाठीवर पाणी ओतता ओतता माझा हात तसाच थांबला. दंडावर भाजल्याचा जुना व्रण, सरळ रेघेसारखा, गरम सळई टेकवल्यावर उठतो तसा. मांडीवर तसाच दुसरा. डाव्या करंगळीचं टोकच नाही. जिभेच्या शेंड्याला खाच. मला वाटत होतं पोर बोबडी आहे! घोटा वाकडा दिसला म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढून घेतला. हाड मोडून आपोआप सांधलेलं आहे, आणि तेही दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या वेळी. म्हणजे तुमच्या घरात ही पोर मोडक्या पायाने चालत होती आणि तुम्ही दोघं निवांत पाव भाजत होता.

मी आयुष्य अपघात विभागात काढलंय. रोज मुलं येतात. कोण झाडावरून पडलंय आणि कुणाला घरातल्यांनी झोडपलंय, हे मला दारातून कळतं. आणि एक सांगते, सगळ्यात जास्त मार खाल्लेली मुलं रडत नाहीत. रडून उपयोग नसतो हे ती शिकलेली असतात. काल भिंगरी जिन्यात पडली. गुडघा फुटला, रक्ताचा ओघळ पार पावलापर्यंत आला. ती उठली आणि हसत पुढे पळाली. मी पकडून विचारलं, "रडत का नाहीस गं?"

"कशाला?" म्हणाली.

हे 'कशाला' ऐकून मला रात्रभर डोळा लागला नाही.

मी बालरक्षण कार्यालयात कळवलं आहे. तिथल्या बाई तुमच्याकडे येतील. नवऱ्याला सांग, नीट उत्तरं तयार ठेव.

— ताई


१५ मे

ताई,

तुझे फोन मी उचलणार नाही. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, एकमेकींना जे सांगायचं ते लेखीच सांगा. बरं झालं. लिहिताना तुझा आवाज तरी ऐकावा लागत नाही.

त्या बाई आल्या तेव्हा दुकानात सकाळची गर्दी होती. गल्ल्यावर मी, आत हे कणीक मळत होते. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मुलीला भाजलंय कुणी?" शेजारच्या शिंपीणबाईंनी हातातला पाव परत फळीवर ठेवला आणि निघून गेल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक समोरच्या फुटपाथवरून जातं. समाधान झालं तुझं?

सळई म्हणे! बेकरीत सळई कुठून येणार? तो ट्रेचा काठ आहे. भट्टीतून काढलेले ट्रे आम्ही खालच्या घोडीवर निवायला ठेवतो, आणि ही बया त्यांना टेकून उभी राहते. शंभरदा ओढून बाजूला केलंय. करंगळी तिने दात येत असताना स्वतः चावली. जीभही. डॉक्टरकडे नेलं होतं. एक म्हणाले सवय आहे, दुसरे म्हणाले कडू मलम लावा. लावलं. मलमासकट चावली. घोट्याचं म्हणशील तर मैद्याच्या पोत्यांच्या थप्पीवरून उडी मारली होती. थोडं सुजलं. पण ती चालत होती, पळत होती, मग मोडलंय असं कुणाला वाटेल? मोडक्या पायाने कुणी लंगडी खेळतं का?

आणि ती रडते! मांजर मेलं तेव्हा दोन दिवस रडली. भूक लागली की रडते. मी रागावले की ओठ काढते. फक्त पडल्यावर रडत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. माझी पोर वाघीण आहे. लोकांची पोरं मुंगी चावली तरी घर डोक्यावर घेतात.

आता मार खाण्याबद्दल. तू काढलंस म्हणून बोलते. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, हे तू कधी विसरू देत नाहीस. पण पाढा चुकला की लाकडी पट्टी कुणाच्या हातात असायची? बोटांच्या पेरांवर कोण मारायचं? मी माझ्या मुलीवर कधी बोटसुद्धा उगारलं नाही, कारण ती पट्टी माझ्या पेरांना अजून आठवते. तेव्हा माझ्यापुढे नाकाने कांदे सोलू नकोस.

खरं काय ते मला माहीत आहे. तुला मूल झालं नाही. म्हणून माझं हवंय.

पोर परत पाठव.

— धाकटी


२१ मे

धाकटे,

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुला जे लागेल असं वाटलं होतं ते लागलं. आता पुढे.

भिंगरी चौकशी संपेपर्यंत माझ्याकडे राहील, असा कार्यालयाचा लेखी आदेश आहे. दर शनिवारी तुम्हाला कार्यालयात अर्धा तास भेट मिळेल, त्या बाईंच्या समोर. नवऱ्याने यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर आणला नसता. लग्नाच्या बोलणीत त्याने टेबलावर मूठ आपटली होती, आठवतं? पेले नाचले होते. कणीक मळून मळून झालेले ते हात मी तेव्हाच पाहून ठेवले होते. तुला सांगितलंही होतं. तू माझं कधी ऐकलंस?

ट्रे, पोती, दात. प्रत्येक खुणेला तुझ्याकडे एक गोष्ट तयार आहे. आमच्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक आईकडे असते. परवा फळीवरची बरणी काढायला मी तिच्या डोक्यावरून झटकन हात नेला. दुसरं मूल असतं तर निदान मान चोरली असती. ही ढिम्म. इतकी सरावली आहे ती उगारलेल्या हाताला.

ती इथे मजेत आहे. क्वार्टर्समधल्या मुलांत खेळते, नीट जेवते. माझ्या घरात तिच्या अंगावर एक ओरखडा उठणार नाही, हे मी कार्यालयाला लिहून दिलंय.

पट्टीचं म्हणशील, तर त्या पाढ्यांवरच आज गल्ला सांभाळतेस.

— ताई


८ जून

ताई,

दोन शनिवार झाले. भेट म्हणजे काय असते ते तुला कळावं म्हणून लिहिते. हिरव्या भिंतींची खोली, मोडक्या खेळण्यांची पेटी, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून लिहीत बसलेल्या बाई. मी पोरीला जवळ घेतलं की त्या लिहितात. नाही घेतलं तरी लिहितात. हे आले होते. हात मांडीखाली दाबून बसले होते, सगळा वेळ. बाहेर आल्यावर मी विचारलं, असे का बसलात? म्हणाले, "तुझ्या ताईने माझ्या हातांबद्दल लिहिलंय ना, मग कुठे ठेवू ते?"

तुझं पत्र मी त्यांना दाखवायला नको होतं. आता ते कणीक मळत नाहीत. एक माणूस ठेवलाय. त्याचे पाव दगडासारखे होतात.

पण आज लिहायचं कारण दुसरं आहे. या शनिवारी भिंगरीच्या पायात मोजे का होते? एवढ्या उकाड्यात? आणि उजव्या मोज्याच्या तळाला तो पिवळा डाग कसला होता? मी मोजा काढायला गेले तर बाई म्हणाल्या वेळ संपली.

सरळ उत्तर दे.

— धाकटी


१२ जून

धाकटे,

नवीन सँडल चावले. फोड आला होता, बरा होतोय. उगाच राईचा पर्वत करू नकोस.

— ताई


१६ जून

मोठ्या सिस्टरबाई,

ताई म्हणायची लाज वाटते.

काल मी बाईंना विचारलंसुद्धा नाही. पोर खोलीत आली तशी तिला मांडीवर घेतली आणि दोन्ही मोजे ओढून काढले. सँडल तळव्याला चावतात का गं? अख्ख्या तळव्याला? दोन्ही पायांच्या? टाचेपासून बोटांपर्यंत सालं निघालेली, खाली लालभडक मांस, आणि त्यावर तुमच्या हॉस्पिटलचं ते पिवळं मलम.

मी भिंगरीलाच विचारलं. ती लपवत नाही, लपवायला शिकलेली नाही. म्हणाली, "मावशीच्या गच्चीत पाण्याच्या टाकीवर पत्रा आहे ना, त्यावर उभी होते. तिथून कबुतरांची पिल्लं दिसतात."

"किती वेळ उभी होतीस?"

"पिल्लांचं जेवण होईपर्यंत."

भर दुपारी. लोखंडी पत्र्यावर. अनवाणी.

मग म्हणाली, "मावशीने मला खाली घेतलं आणि माझे पाय बघून ती भिंतीला धरून खाली बसली. आई, मावशीला काय झालं होतं?"

काय झालं होतं गं तुला? सांग की. मीही ऐकते. तुझ्या घरात ओरखडा उठणार नव्हता ना? तू लिहून दिलं होतंस ना? माझ्याकडे गोष्टी तयार असतात म्हणालीस. मग सँडलची गोष्ट कुणाची?

कोपऱ्यातल्या बाईंनी तिचे पाय पाहिले. या वेळी त्यांचं लिहिणं थांबलं होतं. मी त्यांना म्हटलं, लिहा, माझ्या बहिणीच्या नावाने लिहा, तिने माझी मुलगी भाजली. शब्द तोंडातून निघाला आणि मला वाटलं, असंच तुलाही सोपं गेलं असेल माझ्याबद्दल बोलणं.

सोमवारपर्यंत पोर घरी आली नाही तर हे पत्र नाही, माझा वकील तुझ्याशी बोलेल.

— भिंगरीची आई


२९ जून

धाकटे,

भिंगरी तुझ्याकडे पोचली, पाय बरे होत आहेत, एवढं बाईंनी सांगितलं. तू हे पत्र फाडशील. फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.

त्या दुपारी मी खालून तिला हाका मारत होते आणि ती वरून हसून हात हलवत होती. मी वर गेले. पत्र्याला माझा हात नुसता लागला तर मी झटक्याने मागे घेतला. आणि ही त्यावर उभी. सरावलेलं मूलसुद्धा तापल्या पत्र्यावर उभं राहू शकत नाही. पाय आपोआप उचलला जातो, त्याला धीटपणा किंवा भीती विचारावी लागत नाही. तिचा उचलला जात नव्हता. मी अपघात विभागात आयुष्य काढलं आणि ही साधी गोष्ट मला तेव्हा दिसली.

तुला खोटं लिहिलं, कारण माझ्या नावाची तक्रार झाली असती तर तिला तपासायला कुणीच नेलं नसतं. हे खरं आहे. मला लाज वाटत होती, हेही खरं आहे. कुठलं जास्त खरं ते तू ठरव.

आमच्याकडच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि कापसाने हात पुसला. "मऊ," म्हणाली. पिसाने केलं तर खिदळली. मग सुई टोचली. "बोट लावलं," म्हणाली. रक्ताचा थेंब आला तरी बोटच. पुढे बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. कॉफी, लसूण आणि साबण अशा तीन वाट्या नाकाखाली धरल्या. भिंगरीने तिन्हींना "पाणी" सांगितलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला वास येत नाही, हे घरी कुणाला माहीत आहे का?"

तुला माहीत होतं?

त्यांनी मला समजावलं तसं तुला सांगते. पायाच्या तळव्यातलं दुखणं कळवणारी एक पेशी असते. ती बसते पाठीच्या कण्याजवळ, पण तिचा केसाहून बारीक धागा थेट तळव्याच्या कातडीपर्यंत गेलेला असतो. धाग्याबाहेर सोडियम जास्त असतं, आपल्या मिठात असतं तेच, आणि आत कमी. धाग्याच्या पापुद्र्यात सूक्ष्म दारं असतात. चटका बसला की टोकाची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागेची वीज पालटते. त्या पालटण्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. असा निरोप सरकत सरकत कण्यापर्यंत येतो. तिथे एक बारीक फट असते. पहिली पेशी त्या फटीत रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीला लागतं, की ती पुढे मेंदूकडे निरोप धाडते. कण्यातूनच दुसरा निरोप परत फिरतो आणि पाय उचलला जातो, मेंदूला कळायच्याही आधी. दुखतं ते मेंदूला कळल्यावर. तोवर ती फक्त जखम असते.

भिंगरीच्या त्या पेशी आहेत, जिवंत आहेत. त्यांच्यातली एका जातीची दारं उघडत नाहीत, एवढंच. निरोप निघतच नाही. स्पर्शाच्या पेशींची भिस्त दुसऱ्या दारांवर असते, म्हणून तिला गुदगुल्या होतात. नाकातल्या पेशींना मात्र हीच दारं लागतात, म्हणून वास नाही. रक्त तपासायला पाठवलंय, पण बाईंना शंका उरलेली नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तुझ्याकडे त्या दारांच्या जनुकाची एक बिघडलेली प्रत आणि एक चांगली, म्हणून तुला दुखतं. तुझी बिघडलेली प्रत आपल्या आईबाबांपैकी कुणाची तरी. माझ्यातही असू शकेल.

यावर आज औषध नाही. फक्त राखण आहे. रोज संध्याकाळी तिचे तळवे, तोंड, डोळे बघत जा. डोळ्यात कचरा गेला तरी ती चोळत बसेल. उडी मारली की पाय सुजतो का ते पाहा, चालतेय यावर जाऊ नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिचं पोट कधी दुखणार नाही. आत काही सडलं तरी नाही. ताप, उलटी, जेवण नको, एवढंच दिसेल. पोट दाबून बघणाऱ्या डॉक्टरवर विसंबू नकोस. पोटाच्या आतला फोटो काढायला लाव, भांडून लाव. भांडणं तुला जमतं.

कार्यालयाला मी सगळं लिहून दिलंय. तुम्ही दोघं निर्दोष, असं. वॉर्डातही सांगितलं. पण तक्रार केली याची माफी मी मागणार नाही. तशा खुणा पुन्हा कुणाच्या अंगावर दिसल्या तर पुन्हा करीन. आणि एक विचारल्याशिवाय राहवत नाही. तू आई आहेस. सहा वर्षं रोज तिला न्हाऊ घालत होतीस. तुला कसं कळलं नाही?

— ताई


७ जुलै

ताई,

फाडलं नाही. हे वाचतील म्हणून ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि भट्टीमागे जाऊन पोत्यांवर बसून राहिले.

कसं कळलं नाही म्हणतेस. चार चार डॉक्टरांना कळलं नाही. तुला महिनाभर कळलं नाही, आणि तुझ्या छातीवर तर हॉस्पिटलचा बिल्ला आहे. पण तू ते माझ्यासाठी लिहिलं नाहीस, मला टोचावं म्हणून लिहिलंस. टोचलं. माझी दारं उघडतात.

वासाचं आता आठवतं. पाव करपले, धुराने आमचे डोळे चुरचुरले, तरी ही भट्टीपाशी चित्र काढत बसलेली असायची. मी म्हणायचे, किती एकाग्र आहे पोर! सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते, माझी मुलगी रडत नाही. इंजेक्शन देताना नर्स कौतुक करायची, मी फुलून यायचे. मोडक्या पायाने लंगडी खेळली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या गं.

हे तुला सांगायला नको होतं. लिहून गेले.

तिने विचारलं, "आई, दुखणं म्हणजे काय?" मी म्हटलं, वाईट वाटतं. ती म्हणाली, "मांजर मेलं तसं?" मी म्हटलं, नाही. तू हुशार आहेस, तूच सांग काय सांगायचं. नको, सांगू नकोस.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे रोज तळवे, तोंड, डोळे बघते. ते तू सांगितलंस म्हणून नाही, करायलाच हवं म्हणून. गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. निर्दोष असल्याचा कागद दुकानात टांगता येत नाही. यांच्याशी लोक हातांकडे बघत बोलतात.

यापुढे लिहू नकोस. मी उत्तर देणार नाही.

— धाकटी


२० ऑगस्ट

धाकटे,

रक्ताचा निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच निघालं. सोबत पाठवते आहे.

माझंही तपासून घेतलं. माझ्यातही एक बिघडलेली प्रत आहे. आपल्या दोघींत तेवढं तरी सारखं आहे.

उत्तराची अपेक्षा नाही.

— ताई


१८ नोव्हेंबर

ताई,

लिहिणार नव्हते. पण तुला हे तिसऱ्या कुणाकडून कळलं तर तू लगेच धावत येशील आणि दारात उभी राहशील. ते नको, म्हणून लिहिते.

गेल्या सोमवारी भिंगरीने दूध नको म्हटलं. दुपारी एकदा ओकली. अंग कोमट होतं. पण ती खेळत होती, दोरीवरच्या उड्यासुद्धा मारल्या. संध्याकाळी ताप चढला. इथल्या दवाखान्यात नेली. डॉक्टर तरुण आहे, सालस आहे. त्याने टेबलावर झोपवून पोट चारी बाजूंनी दाबलं. ही खिदळायला लागली. तोही हसला. "बाई, पोट एकदम छान आहे. साथीचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल."

मी म्हटलं, फोटो काढा.

तो म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, हिला दुखत नाही. तो म्हणाला, तेच तर म्हणतोय मी, दुखत नाहीये. मी म्हटलं, तुम्ही चाकू खुपसलात तरी हिला दुखणार नाही! बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. हे पुढे झाले, आणि टेबलावर मूठ आपटली. हो, तीच मूठ. सगळ्या बाटल्या नाचल्या. "फोटो काढा," एवढंच म्हणाले.

मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफी केली. आतड्याचं शेपूट, अपेंडिक्स, फुटलं होतं, पू पसरायला लागला होता. सर्जन म्हणाले, अशा अवस्थेत मोठी माणसं गडाबडा लोळतात. ही कॉटवर बसून माझ्या वेणीशी खेळत होती. रात्रीच ऑपरेशन केलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर, एवढंच म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

वाचली. आता सूप पिते.

शेजारच्या कॉटवर याच ऑपरेशनची एक मुलगी होती. ती कण्हायची, मग नर्स यायची, उशी सारखी करायची, डोक्यावरून हात फिरवायची. भिंगरी दोन दिवस ते निरखत होती. तिसऱ्या दिवशी नर्सने तिला सवयीने विचारलं, "दुखतंय का गं?" ही म्हणाली, "हो, खूप." आणि डोळे मिटून घेतले. नर्सने डोक्यावरून हात फिरवला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तुझ्या त्या पत्राचे आभार मी मानणार नाही. त्याच पत्रात तू मला विचारलं होतंस, तुला कसं कळलं नाही. ते मी विसरलेले नाही. हेही विसरलेले नाहीत. लोक आता हळूहळू पाव न्यायला येतात, पण भिंगरीचा हात धरून हे रस्त्याने चालले की अजून माना वळतात. ते तुझ्यामुळे.

पण एकटीने मला हे झेपत नाही. रोज बघते, आणि रोज वाटतं, काहीतरी सुटलंय. डोळ्याला जखम झालीय हे कसं ओळखायचं, सांधा झिजतोय हे कुठे हात लावून कळतं, हे पत्रात वाचून येत नाही. तुझ्या हातांना ते येतं. म्हणून शनिवारी ये. आमच्याकडे उतरू नकोस, स्टेशनजवळ राहायची सोय आहे. हे तुझ्याशी बोलणार नाहीत. मीही कामापुरतंच बोलीन. मला शिकव, दुपारी जेव, आणि जा. पुढचं पुढे.

मावशी येणार म्हणून भिंगरीला सांगितलं. ऑपरेशन झाल्यापासून तिला नवीन नाद लागलाय, माणसांची तोंडं निरखायचा. ती म्हणाली, "मावशी आली की तुला दुखेल का?"

मी म्हटलं, नाही.

तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "खोटं."

— धाकटी